आवाज नसलेलं गाऱ्हाणं

औषधाच्या दुकानात रिकाम्या बाटल्या कशा साठतात ते कळत नाही. कोणी मुद्दाम ठेवत नाही, कोणी टाकतही नाही, आणि एक दिवस माळ्यावर हात घालावा तर नुसता खळखळाट! आमच्या मंडळींचे किस्से असेच साठले.

रत्नागिरीत एसटी स्टँडसमोर माझं दुकान. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की काउंटरच्या आत दोन स्टुलं यायची. एकावर नेने सर, कॉलेजात मराठी शिकवायचे. दुसऱ्यावर सलीमभाई, ज्यांचा सोळा एमेमचा प्रोजेक्टर गणपतीत आणि उरुसात जिल्हाभर फिरायचा. स्टुलं दोनच, म्हणून मी उभा. आम्ही तिघांनी मिळून एक फिल्म सोसायटी काढली होती. सभासद काही वाढले नाहीत, चहा मात्र वाढला.

काळ ऐंशीनंतरचा. गल्लोगल्ली व्हिडिओ आला होता, आणि आम्ही लोकांना "कापडावरचा पिक्चर बघायला या हो" म्हणून बोलावत होतो. सगळे किस्से सांगत बसलो तर दुकान बंद करावं लागेल. आज फक्त एकाच पिक्चरचे सांगतो. त्या पिक्चरचं नाव 'कवळ'.

काढणारा मोहन. संगमेश्वरच्या आतल्या एका वाडीतला मुलगा, मुंबईत एका ऑफिसात चिकटलेला. कुठेतरी कॅमेरा चालवायला शिकला, बिनपगारी रजा टाकली, मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि थेट स्वतःच्या बापावर वीस-बावीस मिनिटांचा पिक्चर काढून मोकळा झाला! भाताची रोपं करायची ती जमीन आधी भाजतात. त्यासाठी डोंगरावरून पानांच्या फांद्या तोडून आणायच्या, त्या फांद्या म्हणजे कवळ. पिक्चरमध्ये म्हातारा डोंगर चढतो, फांद्या तोडतो, भारा डोक्यावरून खाली आणतो आणि पेटवतो. बस्स.

ऑफिसच्या साहेबांनी मे अखेरपर्यंत मोहनची जागा धरून ठेवली होती. मोहनने पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकलं, "आपल्याकडच्या माणसांना आवडला तर हेच करीन. नाहीतर एक तारखेला टेबलावर हजर."

मला तो पिक्चर आवडला होता. अगदी मनापासून. त्यात एका ठिकाणी म्हातारा भारा खाली टाकतो, मान चोळतो आणि कॅमेऱ्याकडे बघतो. रागाने नाही, कौतुकाने नाही. घरात आपण एकमेकांकडे बघतो तसा. तेवढ्यासाठी मी तो पिक्चर कितीही वेळा बघितला असता. तेव्हा मी ठरवलं, या पोराला टेबलावर जाऊ द्यायचं नाही.

* * *

मोहन पिक्चरचा डबा घेऊन मुंबईहून रातराणीने निघाला. डबा पत्र्याचा, गोल, चांगला परातीएवढा. खेडला सकाळी गाडी थांबली तेव्हा कंडक्टरची नजर डब्यावर गेली.

"मासळी आहे काय? मासळी टपावर!"

"मासळी नाही. पिक्चर आहे."

कंडक्टरने डबा हुंगून बघितला. मग शेजारच्या सीटवर बसला. "काय स्टोरी?"

मोहनला स्टोरी विचारणारा हा पहिला माणूस. तो खुलला. "एक माणूस डोंगरावर जातो."

"बरं."

"कवळ तोडतो. खाली आणतो. पसरतो. भाजतो."

"मग?"

"मग आभाळाकडे बघतो."

कंडक्टर उठून घंटीची दोरी ओढत म्हणाला, "हे बघायला लोकांनी तिकीट काढायचं? मला माझा बाप फुकट दाखवत होता!"

* * *

सोसायटीत दाखवण्याआधी सलीमभाईंच्या गोदामात ट्रायल झाली. दुपारची वेळ, खिडक्यांना गोणपाटं लावलेली. मोहन नखं कुरतडत बसलेला.

सलीमभाईंबद्दल एक सांगायला हवं. आयुष्यभर त्यांनी लोकांना पिक्चर दाखवले, पण स्वतः एकही बघितला नाही. त्यांची नजर मशीनच्या गेटवर. पट्टी नीट सरकते की नाही, लूप सुटला की काय, एवढंच ते बघणार. हिरोइन आगीत सापडो नाहीतर हिरो दरीत कोसळो, सलीमभाईंना त्याचं काही नाही. पट्टी तुटली की मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी!

पिक्चर संपला. गोणपाटं निघाली. मोहनला राहवेना.

"सलीमभाई, कसा वाटला?"

सलीमभाईंनी कपाळ पुसलं आणि मोहनच्या पाठीवर थाप मारली. "एक नंबर! मधे एकदा पण अडकला नाही!"

मोहन त्या दिवशी दोन प्लेट भजी जेवला.

* * *

आता शिफारशीचं काम माझ्याकडे आलं. दुकानात बसून मी दुसरं काय करणार? जो येईल त्याला औषधाबरोबर पिक्चर.

"ही गोळी सकाळ-संध्याकाळ. हे बाटलीतलं झोपताना. आणि रविवारी चार वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये एक पिक्चर आहे, तो चुकवू नका."

एकाला मी मूळव्याधीचं मलम दिलं आणि 'कवळ' बघायला या म्हणालो. तो म्हणाला, "बसायचं असेल ना?" मी म्हटलं, "उभ्याने बघा, पण बघा!"

बायको दुकानात डबा घेऊन यायची. तिने हे दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या भावाला नोकरी लावायची होती तेव्हा तुमच्या तोंडातून शब्द फुटला नाही हो!"

शनिवारी समोरच्या डॉक्टरांचा फोन. आवाज तापलेला.

"भाऊ, माझ्या पेशंटना काय देताय तुम्ही?"

"काय झालं?"

"गणपतीपुळ्याहून एक म्हातारबुवा आलेत. मला विचारतायत, ते पिक्चर जेवणाआधी की जेवणानंतर?"

"जेवणानंतर," मी म्हटलं. "रिकाम्या पोटी सोसायचा नाही."

डॉक्टर रविवारी आले. म्हातारबुवांना घेऊन आले!

* * *

आणि त्या रविवारी हॉल चक्क भरला. पण आधी नेने सरांचं प्रास्ताविक होतं.

नेने सर माणूस लाख. पण माईक हातात आला की त्यांना घर आठवत नाही. वीस मिनिटांच्या पिक्चरवर ते पाऊण तास बोलले. लोक चुळबुळायला लागले तेव्हा ते शेवटच्या मुद्द्याला आले.

इथे एक सांगतो. पिक्चरच्या सुरुवातीला गाऱ्हाणं आहे. आपल्याकडे कुठल्याही कामाला हात घालायचा तर मानाचा माणूस नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतो आणि मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मोहनचे वडील आबा, त्यांच्या वाडीत गाऱ्हाण्याचा मान त्यांचाच. तर पिक्चरमध्ये डोंगराच्या पायथ्याशी आबा नारळ घेऊन उभे, ओठ हलतायत, मागे वाडीची माणसं हात जोडून, आणि आवाज नाही! पाखराचा नाही, पानाचा नाही. पुढे कोयतीचा घाव बसतो तेव्हा एकदम आवाज येतो.

नेने सर म्हणाले, "दिग्दर्शकाने इथे ध्वनी नाकारला आहे! हे मौन म्हणजे देवाला विचारलेला एक प्रश्न आहे. केवढं हे धाडस!"

मोहन स्टेजवरच बसला होता. खोटं बोलायची सवय नाही. हळूच म्हणाला, "सर, टेपरेकॉर्डरचे सेल संपले होते."

हॉल हसला. नेने सर जरासुद्धा डगमगले नाहीत. चष्मा सारखा करून म्हणाले, "ते तुला वाटतं!"

* * *

पिक्चर लोकांनी शांतपणे बघितला. एकही माणूस उठून गेला नाही. आग पेटली तेव्हा मागून एक बाई ओरडली, "वारा फिरलाय, मागं सरका ओ!" मी मोहनला कोपराने ढोसलं. म्हटलं, जिंकलास लेका!

दिवे लागले. नेने सर म्हणाले, "आता दिग्दर्शकाला प्रश्न विचारा."

मागे दाराजवळ एक गृहस्थ उभे राहिले. जहाजावर नोकरी केलेले, सुट्टीवर आलेले. आवाज खणखणीत.

"तुमच्या वडलांचं वय काय?"

"सत्तरीला आलेत," मोहन म्हणाला.

"आणि तो भारा त्यांनी खरा उचलला?"

"हो, खराच."

"तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"मी... कॅमेऱ्यामागे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण मोहन प्रामाणिक. म्हणाला, "पहिल्या वेळी उजेड बरोबर नव्हता. म्हणून दोनदा परत उचलायला लावला."

झालं! सगळा हॉल त्याच्यावर तुटून पडला. "म्हाताऱ्याला तीनदा?" "कॅमेरा ठेवून हात लावायला काय झालं होतं?" एक आजी तर निघताना त्याच्या समोर उभी राहून म्हणाली, "बापाच्या मानेला तेल तरी लावलंस काय रे?"

सामान आवरताना मोहन मला एवढंच म्हणाला, "भाऊ, जातो मी ऑफिसात. त्यांचं काय चुकलं?"

मला फार वाईट वाटलं. लोकांना पिक्चर इतका आवडला होता की त्यांना म्हातारा आपला वाटला, आणि म्हातारा आपला वाटला म्हणून पोरगा दुष्ट ठरला. हे त्या पोराला समजावून कसं सांगायचं? मी दुसऱ्या दिवशी सांगायचा प्रयत्न केला, नेने सरांनी तर दीड तास केला. त्यानंतर तो स्टँडवर जाऊन मुंबईच्या गाडीची चौकशी करून आला.

* * *

त्याच आठवड्यात, दुपारी दुकानात एक म्हातारा आला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडीची घडी. म्हणाला, "मानंला चोळायला कायतरी द्या."

मी वर बघितलं. आबा! पडद्यावर मी त्यांना एवढं बघितलं होतं की सख्खा काका भेटल्यासारखं झालं.

"आबा! मी तुम्हाला ओळखतो!"

"मी नाय वळखत."

"तुम्ही पडद्यावर काय दिसता हो! केवढे मोठे!"

"घरातबी येवढाच हाय. मलम द्या."

मी मलम दिलं, स्टूल दिलं, चहा मागवला. आबा मोहनला भेटायला आले होते. पोरगा नोकरीवर परत जातो की नाही याची त्यांना काळजी. कोकणातल्या बापाला मुंबईची नोकरी म्हणजे काय असते हे मी सांगायला नको. नोकरी गेली की पोरगा गेला.

मी म्हटलं, "आबा, एकदा पिक्चर बघा तरी."

"कशाला? मी काय केलो ता मला म्हायती हाय."

मग चहा बशीत ओतता ओतता स्वतःच म्हणाले, "त्येच्यात माजं गाऱ्हानं मुकं झालंय म्हनं."

मी सेलची हकीकत सांगितली. आबांना ती माहीत होती. "पोरग्यान मला मुंबैला बोलवलान होतान. म्हनला, आबा, एका खोलीत बसून परत बोला, मी डब्यात भरतो. मी नाय गेलो." बशी खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा. देव नाय, नारळ नाय, मागं व्हय म्हनायला मानूस नाय. मी काय भिताडाला गाऱ्हानं घालू? आन् मागायचं काय? नाटकात मागतात तसं खोटंखोटं?"

पण मला शिफारस करायची सवय लागलेली! मी म्हटलं, "मग आबा, पिक्चरच वाडीत आणतो. देव तिथे, माणसं तिथे. बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

आबांनी मलमाची डबी कनवटीला लावली. पायरी उतरताना म्हणाले, "वाडीला बघायचा आसंल तर मी कोन नाय म्हननार?"

* * *

मे महिन्याच्या शेवटी आम्ही निघालो. मी, नेने सर, सलीमभाई, मोहन, आणि जीपच्या मागच्या सीटवर नव्या नवरीसारखा चादरीत गुंडाळलेला सलीमभाईंचा प्रोजेक्टर. मोहनची बॅगही बरोबर होती. पिक्चर दाखवायचा आणि तिथूनच दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडायची, असं त्याचं ठरलं होतं.

दिवेलागण झाली. देवळासमोरच्या मांडवात धोतराचं कापड ताणून पडदा बांधला. वाडी झाडून सारी आली. सलीमभाईंनी मशीन सुरू केलं, तर त्यातून कण्हल्यासारखा आवाज!

"व्होल्टेज नाही," सलीमभाई म्हणाले. "असा लावला तर म्हातारा डोंगर चढायला उद्या सकाळ करील."

वाडीत वीज नवी होती आणि सगळ्यांचे बल्ब मिळून एकाच तारेवर. सलीमभाई मांडवाच्या कडेला उभे राहिले आणि हाक दिली, "सगळ्यांनी आपापले दिवे बंद करून या!"

पोरं, बाया, म्हातारे, सगळे उठून घरोघर गेले. एकेक खिडकी काळोखी होत गेली, तसतसा प्रोजेक्टरचा दिवा वाढायला लागला. लोकांना पिक्चरपेक्षा त्याचंच कौतुक! शेवटी वरच्या अंगाला एकच बल्ब राहिला. हाका मारून मारून लोक दमले. मग तिथून एका बाईचा आवाज आला, "माजी गाय व्यायला झाली हाय! मी नाय बंद करनार!"

सगळे सलीमभाईंकडे बघायला लागले. सलीमभाईंनी मशीनचा कानोसा घेतला आणि निकाल दिला.

"गाईचा राहू द्या. चालेल!"

* * *

पिक्चर सुरू झाला. मोहन समोर बसायला तयार नव्हता. तो पडद्याच्या मागे जाऊन उभा राहिला. आबा सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून. त्यांच्या हातात नारळ होता. मला वाटलं, देवळात ठेवायला आणला असेल.

स्वतःचा डोंगर कापडावर बघून लोक आधी हसले. मग आपापली माणसं ओळखायला लागले. आणि मग गाऱ्हाणं आलं. पडद्यावर आबा नारळ घेऊन उभे, ओठ हलतायत, आणि आवाज नाही. नुसती मशीनची घरघर.

"आवाज गेला! आवाज गेला!" लोक ओरडायला लागले. सलीमभाई घाबरले. आवाज नाही म्हणजे दोष मशीनचा, दुसरं त्यांच्या मनात येणारच नाही. त्यांनी बटणं फिरवली, अॅम्प्लिफायरला दोन थपडा दिल्या.

"त्येला मारू नको रे," मागून आवाज आला. "थांब."

आबा माणसांतून वाट काढत पुढे आले. पडद्याच्या बाजूला, देवळाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची सावली कापडावर पडली, त्यांच्याच चित्राच्या शेजारी. त्यांनी नारळ पुढे धरला, आणि माणसं बसल्या जागेवरून उठून उभी राहिली. कोणी कोणाला सांगितलं नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी सगळी लेकरं तुज्या दारात जमली हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या पोरग्यान ह्यो पिक्चर काढलान हाय. माजी मान मोडलान, पन काढलान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सलीमभाईंचाही आवाज होता. ते आयुष्यात पहिल्यांदाच मशीन सोडून पडद्याकडे बघत होते.

पडद्यावरचे आबा केव्हाच गाऱ्हाणं संपवून डोंगर चढायला लागले होते. कोयतीचे घाव ऐकू येत होते. पण इथले आबा थांबायला तयार नव्हते.

"त्येच्यात काय चुकलं-माकलं आसंल, ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या हाताला यश दे. पुढच्या पिक्चरला त्येला चांगले सेल गावू देत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबांनी नारळ कपाळाला लावला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी मान वर केली, मुंबई जिकडे आहे असं त्यांना वाटत असेल तिकडे एकदा बघितलं, आणि आधीपेक्षा मोठ्याने म्हणाले,

"आन् ता मुंबैच्या हापिसातला सायब हाय, त्येनं बिचाऱ्यानं येवढे दिवस जागा धरून ठेवलान. त्येचंबी बरं कर. त्येला उद्याच्या उद्या त्या खुर्चीवर दुसरा चांगला मानूस गावू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, पडद्याच्या मागून, एकट्याचाच आवाज आला.

"व्हय म्हाराजा."